फेरूझेवहिनीचे शिंपले

उन्हाळ्यात ग्रीसच्या सीमेलगतच्या आमच्या बुत्रिंतच्या खाजणावर पाहुणे येतात, फेरूझेवहिनीच्या निळ्या टेबलांवर बसतात, शिंपल्यांचा भात बोटं चाटत खातात आणि मग ठरलेला प्रश्न विचारतात. हे तुम्ही तुमच्या आईकडून शिकलात ना? पाहुण्यांना असलं काहीतरी ऐकायचं असतं, पिढ्यान्‌पिढ्यांचा हात, आजीची चव वगैरे. वहिनी ओले हात एप्रनला पुसते आणि सांगते, "माझ्या आईने मरेपर्यंत समुद्र पाहिला नाही. हे तिच्यापुढे ठेवलं असतं तर तिने मला भांड्यासकट बाहेर काढलं असतं." पाहुणे हसतात. बाई गमतीदार आहे असं त्यांना वाटतं.

मी शानो, तिची नणंद. माझं सासर जवळच्या सारांदा शहरात, पण उन्हाळ्यात मी तिच्या मदतीला येते आणि तिथेच कोपऱ्यात कांदे चिरत बसलेली असते. दर वेळी माझ्या मनात येतं की सुरी खाली ठेवावी आणि या लोकांना सगळं सांगावं. वहिनी सांगणार नाही, तिला वेळ नसतो. मला वेळ आहे आणि माझं तोंडही तिच्यापेक्षा मोठं आहे, त्यामुळे हे माझ्याकडूनच ऐका.

ती आमच्या घरात सून म्हणून आली तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. कुर्वेलेशच्या डोंगरातली मुलगी. सामानाच्या ट्रकमधून उतरली, समोर पसरलेलं खाजण बघितलं आणि माझ्या भावाला, रापोला, हळूच विचारलं की एवढं पाणी आहे तर तुम्ही मका का लावत नाही. पाणी खारं असतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिचं सगळं लहानपण मक्याची भाकरी, ताक आणि डोंगरावरचा पाला यांवर गेलेलं. सणाला मेंढीच्या दुधाचं चीज. मासा तिने फक्त शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता, आणि चित्र चांगलं नव्हतं असं ती अजून म्हणते.

आम्ही तिला हसायचो खरं, पण आमची तरी काय ऐट होती? आम्ही खाजणाकाठी वाढलो, आमच्या ताटात मात्र खाजण नव्हतं. तेव्हा सगळं सरकारचं होतं. पाण्यात खांब रोवलेले, खांबांवरून दोर सोडलेले आणि दोरांवर काळ्या शिंपल्यांचे घोस लोंबत असायचे. पुरुष होड्यांतून ते ओढून काढायचे, बायका काठावरच्या शेडमध्ये निवडायच्या, आणि पोती थेट इटलीला जायची. खिशात एक शिंपला सापडला तर सगळ्यांपुढे उभं करून झाडायचे. अर्थात खिशात घालतंय कोण? आमच्याकडे गोगलगाय खात नाहीत, बेडूक खात नाहीत, मग ही काळी, केसाळ, पाण्यातली नखं कोण खाणार? ते लोक ती खाण्यासाठी नेत असतील असं कोणाला वाटतच नव्हतं. थोमा मुकादमाचं मत होतं की त्यांची बटणं करतात. दुसरी एक बाई म्हणायची, दळून कोंबड्यांना घालतात. वहिनीला वाटायचं औषध असेल, कारण एवढी काळजी माणूस औषधाचीच घेतो.

आणि काळजी घ्यायची ती वहिनीनेच. निवडायच्या टेबलाचा नियम एकच होता. मिटलेला शिंपला जिवंत. उघडा दिसला तर टेबलावर टकटक करायची, मिटला तर ठीक, नाही मिटला तर तो मेला, परत पाण्यात. एक मेलेला पोत्यात गेला की सगळं पोतं नासतं. हे तिच्या हातात इतकं बसलं की ती बोलता बोलता, न बघता उघडा शिंपला मागे भिरकावायची. मी मोठी होऊन त्याच टेबलावर तिच्या शेजारी उभी राहिले, तेव्हा तिने मला शिकवलेलं पहिलं वाक्य होतं, "उघडा दिसला की फेकायचा. मन खाऊ द्यायचं नाही."

मग ती साम्यवादी राजवट पडली. पगार थांबले, शेडला कुलूप लागलं. रापो, थोमा आणि आणखी दोघांनी स्वतःच्या हिमतीवर दोर सांभाळले आणि थोडा काळ इटलीचे व्यापारी थेट त्यांच्याकडून माल घ्यायला लागले. आम्हाला वाटलं, निभावलं. तेवढ्यात देशात पटकीची साथ आली आणि पलीकडच्यांनी आमच्या पाण्यातलं काहीही घेणं बंद केलं. दोर वजनाने खाली जायला लागले. काढणारे हात होते, घेणारं कोणी नव्हतं.

गावातले तरणे पुरुष तेव्हा एकेक करून डोंगर ओलांडून ग्रीसमध्ये जात होते. कागद नाही, पत्र नाही, रात्री चालायचं आणि दिवसा झुडपात पडायचं. वहिनीचा सख्खा भाऊ असाच गेला होता आणि वर्ष उलटलं तरी निरोप नव्हता. तो पुढे सापडला, पण ते तेव्हा कोणाला ठाऊक होतं? म्हणून रापोने माळ्यावरून निळी बॅग काढली तेव्हा वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. त्याचं म्हणणं सरळ होतं. शानोचं लग्न ठरलंय, ते पार पाडतो आणि दुसऱ्या दिवशी निघतो. वहिनी भांडली नाही. बॅग दाराशी ठेवलेली होती आणि ती येता-जाता तिच्याकडे असं बघायची जणू आत साप आहे.

त्याच दिवसांत आमच्या शेजाऱ्याने टीव्ही घेतला आणि इटलीची चित्रं आमच्या आळीत दिसायला लागली. एका संध्याकाळी पडद्यावर एक जाडा माणूस टेबलाशी बसला, काळा शिंपला उचलला, आतलं मांस ओढून तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. सगळ्यांत आधी माझी आई बोलली, "शी." थोमाला आपली बटणं गेल्याचं फार वाईट वाटलं. वहिनी मात्र पडद्याच्या जवळ जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी तिने ठरवलं. ते लोक पैसे मोजून खातात, तर आपले लोक का खाणार नाहीत? आपल्याच लोकांनी खाल्लं तर माल इथेच खपेल आणि रापोला कुठे जायला नको. आईने ऐकलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. माझी आई, नाझो, साधी बाई नव्हती. तिने आयुष्यात खोटं बोललेलं कोणी ऐकलं नव्हतं. गावात दोन माणसांचा वाद झाला की नाझोला विचारा म्हणायचे, कारण ती स्वतःच्या नवऱ्याविरुद्धसुद्धा खरं तेच सांगायची. ती वहिनीला म्हणाली की बाहेर काय करायचं ते कर, माझ्या भांड्यांत ही घाण शिजणार नाही. वहिनीने हो म्हटलं, अंगणामागे तीन दगड मांडले आणि चीजचा जुना पत्र्याचा डबा चुलीवर चढवला.

पुढे जे झालं ते फक्त आमच्याच गावात होऊ शकतं. डबा तापला, वाफ आली, झाकण काढलं तर सगळे शिंपले आ वासून पडलेले. वहिनी पांढरीफटक. एकही मिटलेला नाही. तिने सगळा डबा खाजणात ओतला आणि रापो घरी आल्यावर त्याला फैलावर घेतलं, की आयुष्यभर ज्या टेबलावर मी मान खाली घातली नाही, त्या मला तू मेलेला माल आणून देतोस? रापो शपथा घेतोय की जिवंत होते. ती ऐकेना. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः होडीत जाऊन दोर ओढला, एकेक शिंपला टकटक करून निवडला आणि पुन्हा चुलीवर ठेवला. पुन्हा सगळे उघडे. तीन-चार तेवढे मिटलेले होते, ते तिने मोठ्या आशेने सुरीने फोडले. आत चिखल.

ती डब्याशेजारी मातीत बसली. मला तिची दया आली आणि रागही आला.

"वहिनी," मी म्हटलं, "चुलीवर ठेवलेस तू त्यांना. मेलेच असणार ना ते. आता नाही उघडायचे तर कधी उघडायचे?"

तिने माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. मग तिला हसू फुटलं आणि ते थांबेना. दोघी इतक्या हसलो की आई बाहेर येऊन बघून गेली. पण समजलं म्हणून हात थोडाच ऐकतो? पुढचे कित्येक दिवस डब्यातला उघडा शिंपला उचलला की तिचा हात आपोआप मागे जायचा. टेबलावर उघडा तो मेलेला, डब्यात बंद तो मेलेला, हे तिला स्वतःला रोज नव्याने शिकवावं लागलं. हे मला तिचं सगळ्यांत मोठं काम वाटतं. नवं शिकणं सोपं असतं, पण ज्यात आपण पहिल्या नंबरावर होतो तेच उलटं करायचं म्हणजे जिवावर येतं.

पहिला तिने खाल्ला. डोळे घट्ट मिटून, नाक दाबून. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने चावला, थांबली, नाक सोडलं, आणखी एक घेतला आणि म्हणाली, "मीठ घालायला नको." बास. मग तिने कांदा परतला, तांदूळ टाकले, शिंपल्यांचं पाणी रेती जावी म्हणून फडक्यातून गाळून त्यातच शिजवले आणि वर शेपू नि लिंबू. मला तो पहिला घास अजून आठवतो. आयुष्यभर ज्या पाण्याचा वास नाकात होता, त्याची चव तोवर माहीत नव्हती. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

पण गावाला काय? वहिनी वाटी घेऊन घरोघर गेली तर लोक दार अर्धंच उघडायचे. रापोच्या बायकोला भुकेने वेड लागलं, आता पुढच्या आठवड्यात ती बेडूक शिजवणार, असं बोलायचे. सारांदाच्या बाजारात तिने टोपली मांडली. दिवसभरात एका बाईने मूठभर शिंपले घेतले, ते टरफलांना रंग देऊन भिंतीवर लावायला. वहिनी संध्याकाळी टोपली तशीच घेऊन परत आली. दाराशी ती निळी बॅग होती, आणि आता तिच्यात रापोचे कपडे भरलेले होते.

माझ्या लग्नाचा दिवस उजाडला. वरपक्षाचं वऱ्हाड नवरीला न्यायला येतं, तेव्हा त्याला जेवू घातल्याशिवाय नवरी दाराबाहेर पडत नाही, आणि वऱ्हाडाचा म्होरक्या पहिला घास घेतल्याशिवाय बाकी कोणी ताटाला हात लावत नाही. आम्ही उसनवारी करून एक कोकरू कापलं होतं. सांगितलेल्या माणसांना ते पुरलं असतं. पण बंदुकीचे बार झाले, गाड्या वळणावर दिसल्या आणि रापो धावत आत आला. ठरल्यापेक्षा दुप्पट माणसं होती.

मी आतल्या खोलीत नवरीचा पोशाख घालून उभी होते आणि पडद्यापलीकडचं बोलणं ऐकत होते. आई म्हणत होती की मटणाचे तुकडे आणखी लहान करा. रापो म्हणत होता, आणखी किती लहान करणार, दिसेनासे होतील. कोणीतरी म्हणालं, नुसता भात वाढा. नुसता भात म्हणजे पुढे जन्मभर मला सासरी ऐकावं लागलं असतं. मग वहिनीचा आवाज आला, अगदी शांत.

"आई, मागे मोठा हंडा भरून शिंपलेभात शिजलेला आहे. मी पहाटेच लावला होता."

"कशाला लावलास?"

"कोणी खाल्लं तर खाल्लं म्हणून. उद्या हे जाणार आहेत आई. मला आजचा एकच दिवस होता."

आईने मटणाचं पातेलं बाजूला सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "वाढ."

नवरीने वऱ्हाडापुढे हात बांधून, नजर जमिनीवर ठेवून उभं राहायचं असतं, बोलायचं नसतं, खायचं नसतं. त्यामुळे मला त्या खोलीतल्या माणसांचे फक्त बूट, मोजे आणि बैठ्या टेबलांच्या कडा दिसत होत्या. कोकराचं एक ताट म्होरक्यापुढे गेलं आणि बाकी सगळीकडे काळ्या शिंपल्यांचे ढीग. खोलीतला गलका हळूहळू बसत गेला आणि मग पूर्ण थांबला. म्होरक्या होते माझ्या नवऱ्याचे काका, मुचोकाका. सारांदात धक्क्यावर त्यांची खाणावळ होती आणि जिभेला धार होती. त्यांनी कोकराचं ताट बाजूला सारलं. माझी माणसं जे खाणार तेच मी खाणार, असा त्यांचा बाणा. मग त्यांनी चमच्याने एक शिंपला ढकलल्याचा आवाज आला.

"विहीणबाई," ते म्हणाले, "आम्ही पाहुणे आहोत. घर जे वाढेल ते आम्ही खातो. पण मला एक सांगा, हे तुमच्या घरात खातात, की नुसतं आम्हालाच वाढलंय?"

त्यांनी बरोबर तोच प्रश्न विचारला होता ज्याचं उत्तर आईकडे नव्हतं. हो म्हटलं तर खोटं. नाही म्हटलं तर घराची अब्रू गेली, माझं लग्न मोडलं, आणि दारात उभ्या वहिनीचं काय झालं असतं ते मला बघायचंही नव्हतं. माझी नजर जमिनीवर होती, तरी वहिनीचे पाय मला दिसत होते. ते उंबऱ्यावर थिजले होते.

मग आईचे पाय चालत आले. काळे लोकरी मोजे, उजव्या अंगठ्याला रफू केलेलं. ती पुरुषांच्या टेबलाशी, मुचोकाकांच्या शेजारी, जमिनीवर बसली. आमच्याकडे बाई तशी बसत नाही. मी नजर वर केली. नवरीने करू नये ते मी केलं आणि मला त्याचा आजही पश्चात्ताप नाही. आईने मुचोकाकांच्या हातातला चमचा काढून घेतला, भात आणि एक शिंपला त्यात घेतला आणि तोंडात घातला. तिचा चेहरा मला पाठ होता. तिला ते गिळायला किती जड जातंय हे त्या खोलीत फक्त मला आणि वहिनीला कळत होतं. तिने नीट चावलं, गिळलं, डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने ओठ टिपले आणि चमचा परत त्यांच्या हातात दिला.

"खातो आम्ही," ती म्हणाली. "तुम्ही पण घ्या, भात निवतोय."

मुचोकाका तिच्याकडे बघत राहिले. काय झालं ते त्यांना कळलं असावं, ते मूर्ख नव्हते. त्यांनी मोठा चमचा भरला आणि खाल्ला. मग आणखी एक. मग तोंड भरलेलं असतानाच वऱ्हाडाला म्हणाले की बसलात काय, आणि खोलीत चमच्यांचा आवाज सुरू झाला. एक पोरगेला पाहुणा मिटलेला शिंपला सुरीने उघडायला बघत होता. वहिनी उंबऱ्यावरून म्हणाली, "तो टाका. उघडे तेवढेच खायचे." तिच्या आवाजात आता टेबलावरचा जुना अधिकार होता.

हंडा धुतल्यासारखा रिकामा झाला. मला गाडीत बसवताना मुचोकाकांनी रापोच्या खांद्यावर हात ठेवला आणि शुक्रवारी दोन पोती माझ्या खाणावळीत पोचव म्हणून सांगितलं. रापो म्हणाला की पोती सगळी इटलीला गेली, परत आली नाहीत. तर वहिनीने दाराजवळची निळी बॅग उचलली, अंगणात उलटी केली, त्याचे शर्ट पायरीवर टाकले आणि रिकामी बॅग त्याच्या हातात दिली. सारांदाला पहिला माल त्या बॅगेतून गेला. ग्रीसला ती कधी गेली नाही आणि माझा भाऊही गेला नाही.

आज त्या खाजणाकाठी प्रत्येक घरात शिंपले शिजतात. माझा नातू घेवड्याची उसळ बघून नाक मुरडतो आणि शिंपलेभात मागतो, जणू जगाच्या आरंभापासून तो होताच. मला त्याचा राग येत नाही. माझ्या डोंगरातल्या वहिनीने त्याला ते दिलं, आणि त्याला ते माहीतसुद्धा नाही, यात मला फार अभिमान वाटतो.

राहिली आई. तिला ते कधीच आवडलं नाही. पण 'खातो आम्ही' असं ती भरल्या खोलीत बोलली होती, आणि तिच्या हिशेबात ते एकदा खाऊन खरं राहत नव्हतं. म्हणून त्यानंतर दर शुक्रवारी, रापो दोर ओढून आला की, ती टेबलाशी येऊन बसायची आणि वहिनी तिच्यापुढे ताटलीत एकच शिंपला ठेवायची. आई तो औषधासारखा खायची, ओठ पुसायची आणि उठून जायची. ती गेली त्या वर्षापर्यंत हे चाललं.

मी एकदा वहिनीला म्हटलं होतं, की आता पुरे म्हणून सांग ना तिला, कशाला छळतेस म्हातारीला.

"मी सांगू?" वहिनी म्हणाली. हंड्यात हात घालून ती सगळ्यांत चांगला उघडलेला शिंपला शोधत होती. "माझ्यासाठी खातात त्या. मी फक्त मोठा बघून ठेवते."